डॅशबोर्डवरची पाटी म्हणजे जीपची जन्मपत्रिका नव्हे

जुन्या जीपच्या शौकिनांमध्ये एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: डॅशबोर्डवरची पाटी वाचा. तिच्यावर ‘विलीज’ (जीप बनवणारी अमेरिकन कंपनी) असेल तर गाडी दुसऱ्या महायुद्धातली अस्सल अमेरिकन. पाटीवरची तारीख म्हणजे गाडी बनल्याची तारीख. आणि पाटी, चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा), इंजिन यांचे नंबर जुळत नसतील तर गाडी बनावट, हात लावू नका.

आधी ‘विलीज’ या नावाचं बघू. युद्ध संपल्यावरही विलीजनं सीजे मालिकेच्या नागरी जीपा काढल्या. महिंद्रानं १९४७ पासून विलीजच्या गाड्या सुट्या भागांत मागवून मुंबईत जोडल्या, पुढे इथेच बनवल्या. म्हणजे विलीजचं नाव असलेली पण युद्ध न पाहिलेली जीप आपल्याकडे मुबलक. पाटी वाचण्याआधी समोरची जाळी मोजा. ७ फटी असतील तर ती युद्धातली नाही. युद्धातल्या बहुतेक जीपांना ९ असतात (अगदी सुरुवातीच्या विलीजना पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती, त्या वेगळ्या). बोनेट उंच असेल तर ती १९५३ नंतरच्या सीजे-३बीची घडण. पाटी १९४४ म्हणो, नाहीतर १८५७.

बरं, गाडी युद्धातलीच निघाली तरी ती विलीजची असेलच असं नाही. १९४१ ते १९४५ मध्ये विलीजनं सुमारे ३.६ लाख जीपा बनवल्या, तर त्याच आराखड्यावर फोर्डनं सुमारे २.८ लाख. एकीचे भाग दुसरीला बसावेत अशीच सोय होती.

मागे एका मित्राच्या गोठ्यातली जीप बघायला गेलो होतो. डॅशबोर्डवर विलीजची पाटी, चकचकीत, चारही स्क्रू कोरे. पोतं अंथरून बंपरखाली सरकलो. पुढची आडवी पट्टी विलीजची असती तर गोल नळी दिसली असती. इथे उलट्या पन्हाळीसारखी चौकोनी होती. शेजारच्या बोल्टच्या डोक्यावर वळणदार ‘एफ’. तेवढ्यावर भागत नाही, बोल्ट गावभर फिरतात. म्हणून चेसिसच्या डाव्या पट्टीवर, इंजिनच्या माउंटिंगजवळ, रॉकेल ओतून वायर ब्रश फिरवला. चिखल, ग्रीस, तीन रंगांचे थर, आणि त्याखाली थेट लोखंडात ठोकलेली अक्षरं: जीपीडब्ल्यू, फोर्डच्या युद्धकालीन जीपची खूण. फोर्ड! मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. विलीजचा नंबर असा ठोकलेला नसतो; तो पुढच्या बंपरमागे, चेसिसच्या डाव्या पट्टीच्या आतल्या अंगाला रिव्हेट मारलेल्या छोट्या पाटीवर असतो. ती पाटीही काढता येते, हे लक्षात असू द्या.

तारखेचा मुद्दा लवकर संपतो. मूळ पाटीवर गाडी लष्कराच्या ताब्यात दिल्याची तारीख असते. शिवाय नव्या कोऱ्या पाट्या विकत मिळतात, हवा तो आकडा ठोकून घ्यायचा.

आता नंबर न जुळण्याचं. संदेशातला हा भाग मला सगळ्यात खटकतो, कारण त्यापायी चांगल्या गाड्या भंगारात जातात. फोर्डच्या कारखान्यातून निघताना इंजिन आणि चेसिसचा नंबर एकच असे. विलीजमध्ये दोन्ही मुळातच वेगळे! तेव्हा विलीजचे दोन्ही नंबर तंतोतंत जुळले, तर उलट भुवई उंचावा. त्यात लष्करी वर्कशॉपमध्ये गाड्या पार सुट्या करून, हाताला आलेलं इंजिन बसवून पुन्हा उभ्या केल्या जात. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडच्या कितीतरी जीपांत डिझेल इंजिन आलं. याला फार तर संसार म्हणा, फसवणूक कशी म्हणणार?

एक जोड मात्र जुळलीच पाहिजे: आरसीवरचा चेसिस नंबर आणि चेसिसवरचा नंबर. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे, पण तिथेही कागद आणि लोखंड एकच बोलायला हवेत. आरसी डॅशबोर्डवरच्या पाटीशी जुळते आणि चेसिसशी नाही, असं दिसलं तर बयाणा देऊ नका.

मालक पाटीचाच फोटो पाठवत राहिला तर चेसिसचा मागा. “रंगाखाली गेलाय हो,” असं उत्तर आलं, तर रॉकेल आणि ब्रश घेऊन स्वतः जा.