माणूस गेला, आता त्याला हरवू तरी नका

‘कर्करोगाशी सुरू असलेली झुंज अखेर अपयशी ठरली.’ सकाळी पेपर उघडला आणि निधनवार्तांवर नजर गेली की हे वाक्य दिसणारच. नट गेला तरी हेच, गावचा माजी सरपंच गेला तरी हेच. टीव्हीच्या पट्टीवर हेच, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच, चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही हेच. डोकं फिरतं माझं. घरात अजून दहावा झालेला नाही आणि तुम्ही गेलेल्या माणसावर अपयशाचा शिक्का मारून मोकळे? त्याच्या शरीरात पेशी वेड्यावाकड्या वाढत गेल्या, यात तो कसला नापास झाला?

माझे काका तोंडाच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या बातमीतही हेच छापून आलं. त्यांच्याबरोबर रेडिएशनला मी जायचो, त्यामुळे तिथे काय चालतं ते मी पाहिलंय. आधी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून बसवतात. ती थंड झाली की त्याच आकारात कडक होते. मग दर वेळी पेशंटला टेबलावर उताणं झोपवायचं, ती जाळी तोंडावर ठेवायची आणि कडेने टेबलाला पक्की करायची. डोकं तसूभरही हलता कामा नये, कारण किरण ठरलेल्या जागीच पडायला हवेत. काकांनी करायचं ते एकच, निपचित पडून राहायचं. बाहेर आले की गालांवर, कपाळावर जाळीचे ठसे उठलेले असायचे. पुढे तोंड आतून सोलवटलं, वरणाचं पाणीसुद्धा झोंबायला लागलं, मग नाकातून नळी घातली. यातली झुंज कोणती, ते बातमी लिहिणाऱ्याने एकदा त्या टेबलाशेजारी उभं राहून मला दाखवावं.

काका स्वतः असं कधी बोलले नाहीत. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसं बसलेली असतात, त्यांचं बोलणं ऐका. ‘टाटाच्या वाऱ्या चालू आहेत.’ ‘काउंट पडले (रक्तातल्या पेशी कमी झाल्या) म्हणून केमो पुढे ढकललं.’ ‘लाइट (म्हणजे रेडिएशन) झाली, आता गिळायला त्रास होतो.’ ‘दुखणं काढतोय, काय करणार.’ ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांच्याकडे बोलायला भरपूर भाषा आहे. लढाई बाहेरचे आणतात.

आणि ती नुसती पेपरात राहत नाही, घरात घुसते. काकांच्या बाबतीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता औषधांनी उपयोग होणार नाही, वेदना कमी ठेवू, घरी न्या. काकांनाही घरी यायचं होतं. पण नातेवाईकांचे फोन सुरू झाले. ‘असं कसं, हार मानायची नाही.’ ‘लढायला सांगा त्यांना.’ ‘पॉझिटिव्ह राहिलं की सगळं होतं.’ मरणाच्या दारातल्या माणसाला दुखणं थांबवा म्हणायचीही सोय उरली नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे पळ काढणं! काकू आजही विचारते, आपण लवकर तर सोडून दिलं नाही ना? तिच्या डोक्यात हा प्रश्न कोणी भरला? तुम्ही, तुमच्या त्या चार शब्दांनी.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? या शब्दांमुळे जे दिसायला हवं ते दिसतच नाही. काकांना गुटख्याची सवय होती. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरी काकांना पुडी मिळत राहिली, त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी. कोण पुरवत होतं, कोण डोळेझाक करत होतं, गालातला पांढरा चट्टा वेळेवर का तपासला गेला नाही, जवळच्या सरकारी दवाखान्यात कुणी तोंड उघडून का बघितलं नाही, यातलं एक अक्षर बातमीत नाही. सगळं काकांच्या अंगावर. ते लढले, ते हरले, विषय संपला. पुडीवाला सुटला, पुरवठादार सुटला, ज्यांनी कारवाई करायची तेही सुटले.

कुणी म्हणेल, शब्दच तर आहेत, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मग ऐका. डेव्हिड हाउझर आणि नॉर्बर्ट श्वार्झ या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये नेमकं हेच तपासलं. कर्करोग म्हणजे शत्रू, त्याच्याशी लढा, अशा भाषेतला मजकूर वाचलेल्या लोकांची सिगारेट, दारू अशा गोष्टींना आवर घालायची तयारी कमी झालेली दिसली. त्याआधी २०११ मध्ये पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी एका काल्पनिक शहरातल्या गुन्हेगारीचं वर्णन दोन प्रकारे करून लोकांना दिलं. एकात गुन्हेगारी म्हणजे हिंस्र श्वापद, दुसऱ्यात विषाणू. आकडे तेच. श्वापदवाल्यांचा कल पकडा, तुरुंगात टाका याकडे जास्त गेला, विषाणूवाले कारणं शोधण्याकडे आणि सुधारणांकडे जास्त वळले. आणि असं का सुचलं विचारल्यावर बहुतेकांनी बोट दाखवलं आकड्यांकडे! आपल्याला शब्दाने वळवलंय हे त्यांना कळलंच नव्हतं. म्हणून मी संतापतो.

कोरोनात तर या भाषेने कहर केला. २५ मार्च २०२० ला पंतप्रधान म्हणाले, महाभारताचं युद्ध १८ दिवसांत जिंकलं, हे जिंकायला २१ दिवस लागतील. २१ दिवसांत काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलं. आशाताई ‘कोरोना योद्धा’ झाल्या, त्यांना सन्मानपत्रं मिळाली, फोटो निघाले. आणि त्याच आशाताईंना जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संपावर जावं लागलं. योद्ध्याला हार घातला की काम भागतं. कर्मचारी म्हटलं असतं तर पगार, रजा, विमा यांवर बोलावं लागलं असतं.

निवडणुकीचं तर विचारूच नका. बिगुल वाजतो, तोफा धडाडतात, बालेकिल्ल्याला खिंडार पडतं, शड्डू ठोकले जातात. पान भरतं. त्या उमेदवाराने पाच वर्षांत वॉर्डातल्या गटाराचं काय केलं, हे शोधायला तुम्हाला भिंग लागेल.

आणि हे सगळं आता पोरांना शिकवलं जातंय. माझा भाचा नववीत आहे. मराठीत बातमी लिहायला सांगितली होती. त्याने आमच्याच भागावर लिहिलं, ‘नळाला तीन दिवसांनी पाणी येते, तेही पहाटे चारला. त्यामुळे बायकांची झोप होत नाही आणि कामावर जायला उशीर होतो.’ वहीत त्यावर लाल काट. शेजारी शिक्षकांनी लिहिलंय, ‘पाणीप्रश्न पेटला! महिलांचा एल्गार!’ आणि खाली शेरा, ‘भाषा प्रभावी हवी.’

पोराने धडधडीत खरं, नेमकं, डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं होतं. किती दिवसांनी, किती वाजता, कुणाचं काय नुकसान, सगळं होतं त्यात. ते खोडून त्याला जे दिलं त्यात यातलं काहीच नाही. आमच्या भागात कुणी एल्गार केलेला नाही, बायका झोपेतून उठून रांगेत हंडे लावतात. पण पोराला कळलं की पाहिलेलं लिहिलं तर गुण कापले जातात. पुढच्या निबंधात तो प्रत्येक ओळीत रणशिंग फुंकणार, आणि आपण म्हणणार याचं मराठी सुधारलं.

मी ती वही घेऊन शाळेत जाणार आहे. दोन्ही वाक्यं शिक्षकांपुढे ठेवून विचारणार आहे, यातलं कोणतं घेऊन पाणीपुरवठा खात्यात अर्ज करता येईल?