संत्र्याचे टमाटे करणारा मेसेज

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिला आहे: ‘शेतमालाचा फोटो असा करा, व्यापारी घरी येईल.’ ब्राइटनेस वाढवा, रंग पूर्ण ओढा, हललेला फोटो शार्पनेसने साफ करा, फ्लेक्ससाठी डीपीआय (इंचाला किती ठिपके छापायचे तो आकडा) 300 टाका, हे सगळं फोटोशॉपशिवाय जमत नाही, आणि नुकसानीचे फोटोही असेच ठळक करा. माझं तालुक्याच्या गावी फोटो अन् फ्लेक्सचं दुकान आहे. या सल्ल्याने बिघडलेले फोटो शेवटी माझ्याच काउंटरवर येतात.

रंगापासून धरतो, कारण नुकसान तिथेच जास्त. जेपीईजी, म्हणजे मोबाइलच्या नेहमीच्या फोटो फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा रंग 0 ते 255 या आकड्यांत मांडलेला असतो. पिकल्या संत्र्यात लाल आधीच वरच्या टोकाजवळ असतो. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, ओढलं की तो 255 ला जाऊन थडकतो. मग सालीवरचे बारीक खड्डे, डाग, देठाजवळची हिरवट झाक, सगळं एका सपाट भगव्या थरात बुडतं. व्यापाऱ्याला नेमकं तेच बघायचं असतं. आंबिया बहाराच्या वेळी एका काकांनी असा फोटो पाठवला, तर पलीकडून उत्तर आलं, “काका, हे संत्रे हायेत का टमाटे?”

रंग फिका वाटतो त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. ढीग निळ्या ताडपत्रीवर असतो किंवा झाडाखाली, आणि निळी-हिरवी झाक मालावर चढते. फोटो काढताना ढिगाशेजारी पांढरा रुमाल ठेवा. नंतर फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्स उघडा, त्यातला मधला ड्रॉपर (रंग टिपायची पिचकारी) घेऊन त्या रुमालावर क्लिक करा, म्हणजे झाक जाते. त्यानंतर सॅच्युरेशनला हात लावायची गरज फारशी उरत नाही.

ब्राइटनेसचं दुखणं कापसात दिसतं. भर उन्हात वेचणीचा फोटो काढला की पदराखालचा चेहरा काळा आणि बोंडं पांढरीफटक. ब्राइटनेस वाढवला की चेहऱ्यासोबत बोंडंही उजळतात आणि त्यांचे तंतू जळून जातात. असा फोटो सेव्ह केल्यावर पुन्हा कितीही काळा करा, तंतू परत येत नाहीत, नुसता राखाडी डाग उरतो. त्यापेक्षा त्याच सॉफ्टवेअरमधलं कर्व्ह्ज उघडा, त्यातल्या तिरप्या रेषेचं उजेडाकडचं टोक जागीच ठेवा आणि अंधाराकडचा भाग थोडा वर उचला. सकाळी आठला फोटो काढलात तर तेवढंही करावं लागणार नाही.

शार्पनेस फक्त कडांचा फरक वाढवतो. हललेल्या हाताने काढलेल्या फोटोला त्याने कडेभोवती पांढरी किनार येते, बस.

आता फ्लेक्स. “भाऊ, 300 डीपीआय करून आणला,” असं पोट्टे छातीठोकपणे सांगतात. अरे, ती फाइलला चिकटवलेली नुसती चिठ्ठी आहे, तिने ठिपके वाढत नाहीत! फोटोत ठिपके किती, हा खरा प्रश्न. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो लांब बाजूने 1600 ठिपक्यांच्या आसपास येतो. 300 ने भागा, साडेपाच इंचही भरत नाहीत. तोच दहा फुटी फ्लेक्सवर ताणला तर इंचाला जेमतेम 13 ठिपके, आणि वाढदिवसाच्या उत्सवमूर्तीचा चेहरा चौकटी-चौकटींचा. मोबाइलमधला मूळ 4000 ठिपक्यांचा फोटो इंचाला 33 देतो, आणि रस्त्यापलीकडून बघायच्या फ्लेक्सला तेवढे पुरतात. म्हणून फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ठिपके कमी होत नाहीत. डीपीआयच्या रकान्यात काहीही लिहा, माझं काही म्हणणं नाही.

फोटोशॉप 1990 पासून आहे आणि सॉफ्टवेअर चांगलंच आहे. पण वर सांगितलेलं सगळं गिम्प नावाच्या सॉफ्टवेअरमध्येही होतं. ते 1996 पासून फुकट मिळतं, मग चोरीची सीडी कशाला? फक्त मूळ फाइलवर सेव्ह करू नका, नवीन नावाने काढा. जेपीईजी दर सेव्हला थोडी झिजते.

राहिला नुकसानीचा फोटो. तो मात्र कशातही उघडू नका. गारपिटीने पडलेली फळं ठळक दिसावीत म्हणून रंग वाढवला, तर पंचनाम्याच्या वेळी तुमच्याच फोटोवर शंका येते. शिवाय व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला की फोटोत दडलेली तारीख आणि जागेची नोंदही निघून जाते. मूळ फाइल मोबाइलमध्येच राहू द्या, अन् एक प्रत पेनड्राइव्हवर.