शिवराईला लिंबू-मीठ लावू नका

सातारा-सांगलीकडच्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिवराईबद्दल, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासूनच्या तांब्याच्या नाण्याबद्दल, एक मेसेज फिरतोय. "नांगरताना शिवराई सापडली? लिंबू-मीठ चोळा, राखेनं घासा, हिरवा गंज पाच मिनिटांत जाईल. चकचकीत नाण्याला लाखो रुपये मिळतात. आपल्या रानात सापडलं ते आपलंच." लोक हे खरं मानून घरातली नाणी घासतायत, म्हणून यातल्या एकेका विधानाला उत्तर द्यायलाच हवं.

'हिरवा गंज म्हणजे घाण' हे पहिलं विधान, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतं. तांबं शेकडो वर्षं ओलीत राहिलं की त्यावर आधी तांबूस आणि मग हिरवा थर धरतो. हा थर वरून बसलेली माती नव्हे, नाण्याच्याच तांब्यापासून तो तयार झालेला असतो. कित्येकदा अक्षरांचे उठाव या थरातच टिकलेले असतात आणि आतला धातू खडबडीत, खाल्लेला असतो. थर काढला की त्याबरोबर अक्षरंही गेली.

शिवराईच्या बाबतीत तर अक्षरं हेच सर्वस्व. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे नाणं पुढे पेशवाईतही पाडलं जात होतं. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी. नाणं साधारण कुठल्या काळातलं, हे असल्या बारीक खुणांवरूनच ठरवावं लागतं. त्या पुसून टाकल्यावर हातात उरतो तो तांब्याचा गोल तुकडा.

आता लिंबू-मीठ. लिंबाचं आम्ल तो थर विरघळवतं, तांबं उघडं पडतं आणि मिठातला क्लोराइड त्यात शिरतो. नाणं चार दिवस लखलखतं. मग पावसाळ्याच्या दमट हवेत त्यावर फिकट हिरवी भुकटी फुटायला लागते. जाणकार याला 'ब्राँझ डिसीज' म्हणतात. यात ओल आणि हवा लागली की क्लोराइडपासून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं आणि हे चक्र चालूच राहतं. म्हणजे जमिनीखाली तीनशे वर्षं तगलेलं नाणं आपल्या कपाटात झिजून जातं! चिंचेचं तेच. राख, तारेचा ब्रश आणि बॅटरीचा करंट तर अक्षरांचे कंगोरेच उडवतात.

शिसं ओळखता येत नसेल तर फारच सांभाळा. सातवाहनांनी शिशाची नाणीही पाडली होती. ती करडी, मऊ आणि आकाराच्या मानानं जड असतात. ती घासली तर उडणारी धूळ विषारी असते, म्हणून ती घासायलाच नको.

'चकचकीत नाण्याला लाखो' हेही खोटं. साधी दुदांडी शिवराई शे-दोनशे रुपयांतही मिळते, आणि घासलेलं नाणं संग्राहक लांबूनच ओळखतात, भाव पाडून मागतात.

तांब्याच्या नाण्याची माती सुटत नसेल तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी बदलत राहा, सुटेल तेवढीच माती बांबूच्या काडीनं हलक्या हातानं काढा. नीट वाळवून कागदी पाकिटात ठेवा. भुकटी फुटली असेल तर घरगुती इलाज थांबवा, संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

राहिलं 'आपल्या रानात सापडलं ते आपलंच'. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कोणी मालकी सांगितली नाही आणि सरकारनं ते घेतलं नाही, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला उरलेला वाटा देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. मडक्यात नाणी निघाली तर ती वेगळी काढू नका. मडकं, आजूबाजूची माती आणि जागा यांचे फोटो काढा, आणि तहसील कार्यालय गाठा.