ज्वालामुखी झाला, आता गच्चीवर चला

मुलांसाठीच्या घरगुती प्रयोगांवरच्या लेखातला सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी आमच्या सहा वर्षांच्या पोरीनं दोनदा केला. फेस आला, फरशी पुसली, विषय संपला. (तिला घरीच शिकवतो. 'शाळेत कधी घालणार?' हे आजीचं रोजचं.)

तिला खरा नाद लागला किरणोत्सवाचा. कोल्हापूरच्या देवळात अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं नोव्हेंबरात ९ ते ११ च्या सुमारास येतात आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या. दोनदाच का, म्हणून तिनं डोकं खाल्लं. मग गच्चीच्या पश्चिम कठड्यावर खुणा सुरू केल्या. उभं राहायची जागा एकच, सूर्य बुडाला की खडूनं रेघ आणि तारीख. नोव्हेंबरपासून रेघा डावीकडे, म्हणजे दक्षिणेला सरकत गेल्या, २२ डिसेंबरच्या आसपास थबकल्या, मग उलट्या फिरल्या आणि जानेवारीअखेर पहिल्याच रेघेवर! जाताना एकदा, येताना एकदा, म्हणून दोनदा. पोरगी नाचलीच. सूर्याकडे टक लावून मात्र बघू देऊ नका, बुडाल्यावरच खूण करायची.

व्हिनेगर संपलं असेल तर हळदीच्या पाण्यात साबण घाला, लाल होतं. वर लिंबू पिळलं की परत पिवळं. कपडे जुने घाला, डाग सहज जात नाहीत.