‘लाइफटाइम फ्री’ क्रेडिट कार्ड डोळे झाकून घेऊ नका

नोकरदार तरुणांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: वार्षिक फी नसलेलं ‘लाइफटाइम फ्री’ क्रेडिट कार्ड डोळे झाकून घ्या, एक पैसाही जात नाही. दरमहा मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरली की व्याज लागत नाही. 50 दिवस बँकेचा पैसा फुकट वापरता येतो, अडीनडीला एटीएममधूनही काढता येतो. खर्चावर मिळणारे पॉइंट म्हणजे वरकमाई. आणि जितकी कार्डं जास्त, तितका सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देणारे पाहतात तो पतगुणांक, चांगला. पहिला पगार हातात पडलेली मुलं हे वाचून मॉलमधल्या स्टॉलवर सही करून मोकळी होतात. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासलाच पाहिजे.

मिनिमम ड्यूची थाप सगळ्यात घातक, म्हणून आधी तिच्याकडे वळतो. समजा, बिल आलं 40,000 रुपयांचं आणि मिनिमम ड्यू पाच टक्के, म्हणजे 2,000. ते भरल्याने लेट फी टळते आणि खातं थकीत म्हणून नोंदलं जात नाही. फायदा एवढाच. व्याज मात्र लागतं, आणि ते ड्यू डेटपासून, म्हणजे बिल भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून नव्हे, खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. बऱ्याच कार्डांवर हा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला 42 टक्के. ठोकळ हिशेब केला तर 40,000 वर महिन्याचं व्याज 1,400 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 252 रुपये. एकूण 1,652. तुम्ही घाम गाळून भरलेल्या 2,000 रुपयांतून कर्ज उतरलं फक्त 348 रुपयांनी!

इथेच हे संपत नाही. मागची थकबाकी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. उद्या आणलेल्या किराण्यावरही उद्यापासूनच व्याज. फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज चढेल, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. आणि या व्याजाला कोर्टाची वेसण असेल, असंही कोणी समजू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये वर्षाला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये ती रद्द केली.

‘50 दिवस फुकट’ हे अर्धसत्य आहे. बिल दर महिन्याच्या 5 तारखेला निघत असेल आणि ड्यू डेट 25 असेल, तर 6 जूनच्या खरेदीचे पैसे 25 जुलैला द्यायचे. तिथे 49 दिवस मिळाले. तीच खरेदी 4 जूनला केली असती तर 25 जूनलाच पैसे भरावे लागले असते, म्हणजे 21 दिवस. एटीएमला तर ही सवलत लागूच नाही. रोख काढताक्षणी साधारण अडीच टक्के फी कापली जाते आणि व्याज त्याच दिवसापासून. दवाखान्याची घाई असेल तर कार्ड तिथल्या काउंटरवर स्वाइप करा, एटीएममध्ये नको.

‘एक पैसाही जात नाही’ म्हणताना मेसेज लिहिणाऱ्याने फक्त वार्षिक फी पाहिली आहे. समजा, मुलीकडे परदेशी जाताय आणि तिथे कार्डावर दोन लाखांचा खर्च होणार आहे. परकीय चलनाच्या व्यवहारावर साडेतीन टक्के आकारणारं फुकट कार्ड जीएसटी धरून 8,260 रुपये घेईल. दोन टक्केवालं कार्ड 4,720 घेईल. फरक 3,540 रुपयांचा. अशा घराला हजारभर रुपये वार्षिक फी असलेलं दुसरं कार्डच स्वस्त पडेल. ज्याचा सगळा खर्च देशातच होतो, त्याला या आकड्याशी काही घेणंदेणं नाही. माझं म्हणणं नेमकं हेच आहे: कोणतं कार्ड चांगलं, हे आपल्या खर्चाचा कागद पुढ्यात घेतल्याशिवाय ठरत नाही.

पॉइंटांचंही तसंच. दीडशे रुपयांना दोन पॉइंट आणि पॉइंटची किंमत 25 पैसे असेल, तर वर्षाला तीन लाख खर्चून हातात येतात 1,000 रुपये. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट भरणं अशा खर्चांवर कित्येक कार्डं पॉइंट देतच नाहीत. शिवाय ज्यांचा महिना दुकानांतल्या क्यूआर कोडवरच चालतो, त्यांनी रुपे कार्डाचा विचार आधी करावा. यूपीआयला जोडता येतं ते रुपे क्रेडिट कार्ड. व्हिसा, मास्टरकार्डचं जोडता येत नाही. मात्र रुपे कार्डही दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं, मित्राला पैसे पाठवायला नाही. यूपीआयवर पॉइंट मिळतात का, हेही आधी विचारून घ्या.

सिबिलच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. सगळ्या कार्डांवरची एकूण खर्चमर्यादा वाढली आणि खर्च तेवढाच राहिला, तर मर्यादेच्या तुलनेत वापर कमी दिसतो आणि ते स्कोअरला पोषक ठरतं. पण एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज केले तर त्या बँकांनी केलेल्या चार चौकश्या सिबिलच्या अहवालात नोंदल्या जातात, आणि गृहकर्ज देणाऱ्याला हा माणूस पैशांसाठी दारोदार फिरतोय असं वाटू शकतं. चार कार्डांच्या चार ड्यू डेट असतात आणि त्यातली एक चुकली तरी स्कोअर घसरतो.

तेव्हा सही करण्याआधी बँक खात्याचं मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि पैसा कुठे जातो ते पाहा. मग कार्डाच्या ‘महत्त्वाच्या अटी व शर्ती’ मागून घ्या. व्याजदर, रोख काढण्याची फी, परकीय चलनाचा आकार, लेट फी, सगळं त्यात छापलेलं असतं. पूर्ण बिल दरमहा भरणं जमणार नसेल, तर कुठलंच कार्ड घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. आधीच थकबाकी असेल, तर ती ईएमआयमध्ये किंवा कमी व्याजाच्या वैयक्तिक कर्जात वळवता येते का, ते विचारा.

मेसेज वाचून कार्ड घेतलंच असेल आणि नको असेल, तर सगळी बाकी चुकवून बंद करण्याचा अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेने ते सात कामकाजी दिवसांत बंद करायला हवं. उशीर झाला, तर खातं बंद होईपर्यंत दिवसाला 500 रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो.