‘एका दिवसाचं काम दोन दिवस ओढलं’ या रिव्ह्यूला आमच्या लॅबचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. ‘एका ट्रॅकरच्या कोल्ड स्टार्ट टेस्टला दोन दिवस ओढले, जादा पैसे लावले आणि नकली उपग्रहांवर नापास केलं; गाडीत तर व्यवस्थित चालतो,’ असं तुम्ही लिहिलंय. (बाकी वाचणाऱ्यांसाठी: कोल्ड स्टार्ट म्हणजे जीपीएस ट्रॅकरनं आधीची कुठलीच माहिती हाताशी नसताना स्वतःची जागा शोधणं, आणि ‘नकली उपग्रह’ म्हणजे उपग्रहांसारखा सिग्नल तयार करणारा आमचा सिम्युलेटर.) अर्ध्या दिवसाचं बिल वाढणार हे त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं, ते राहिलं. माफी मागतो. दुपारी वीज गेली तेव्हा आमच्या यूपीएसची बॅटरीही टिकली नाही आणि सिम्युलेटरचा ऑसिलेटर, म्हणजे अचूक वारंवारता देणारा भाग, पुन्हा तापून स्थिर होईपर्यंत 40 मिनिटं गेली. ती बिलात धरलेली नाहीत, बिल काढून बघा.

पण ‘ओढले’ हा शब्द फार लागला, साहेब.

वेळ 9:30 ची ठरली होती, तुम्ही जालन्याहून वाळूजला 11:30 ला पोचलात. ठीक आहे, रस्त्यात उशीर होतो. पण ट्रॅकर सीलबंद आला, अँटेना आत, बाहेर कनेक्टर नाही. सिम्युलेटरचा सिग्नल मोकळ्या हवेत सोडता येत नाही, आजूबाजूचे रिसीव्हर फसतात. म्हणून डबी उघडून पिगटेल, म्हणजे कनेक्टरवाली छोटी केबल, सोल्डर केली. तुमचा बोर्ड अँटेनासाठी 3.3 व्होल्ट सोडतो, ते सिम्युलेटरच्या पोर्टवर जाऊ नयेत म्हणून डीसी ब्लॉक लावला, आणि अँटेना जोडलाय असं बोर्डाला वाटावं म्हणून 330 ओहमचा लोड दिला. केबलमध्ये सिग्नल किती घटतो ते मोजून त्याची लेव्हल उणे 130 डीबीएमवर, म्हणजे आभाळातून येतो तितपत क्षीण, आणली. यात तास गेला.

खरा वेळ पुढे गेला. पहिल्याच फेरीत फिक्स, म्हणजे ट्रॅकरला स्वतःची जागा सापडणं, आला 2 सेकंदांत! तो कोल्ड स्टार्ट नव्हताच. पॉवर बंद केली तरी तुमच्या बोर्डावरचा सुपरकॅपॅसिटर जीपीएस मॉड्यूलचं घड्याळ आणि उपग्रहांची कक्षा, म्हणजे एफेमेरिस, जिवंत ठेवतो. मॉड्यूलला कोल्ड स्टार्टची कमांड असते, पण तुमच्या कंट्रोलरमधून ती पोचत नव्हती. हे शोधण्यात आणखी एक तास गेला. मग प्रत्येक फेरीआधी कॅपॅसिटर रिकामा करायला 15 मिनिटं आणि नोंदीला 3. अशा 20 फेऱ्यांचे 6 तास होतात; कमांड चालली असती तर तासाभरात आटोपलं असतं. आमची माणसं आळीपाळीनं जेवली, तरी 6:30 पर्यंत 14 च फेऱ्या झाल्या. तो 2 सेकंदांचा आकडा छापून दुपारीच बिल करता आलं असतं. आम्ही ते करणार नाही.

‘नकली’बद्दल एवढंच, की वारंवारता खऱ्या जीपीएस उपग्रहांचीच 1575.42 मेगाहर्ट्झ, कोड तेच, डेटाचा वेग तोच सेकंदाला 50 बिट. गच्चीवरचं आभाळ दर फेरीला बदलतं, इथे विसाच्या वीस फेऱ्यांना तेच उपग्रह त्याच जागी ठेवता येतात. दोष त्यामुळेच सापडला. 20 पैकी 13 फेऱ्या तुमच्या डेटाशीटच्या 35 सेकंदांत बसल्या, 7 एक मिनिटाच्या वर गेल्या. त्या सातही वेळा तुमचा मॉडेम मोबाइल नेटवर्कवर डेटा पाठवत होता आणि सीएनओ, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद, 41 वरून 25 डीबी-हर्ट्झपर्यंत पडत होता. एफेमेरिस दर 30 सेकंदांनी येते. मधले काही बिट चुकले की पुढच्या खेपेची वाट बघावी लागते. गाडीत बॅटरी कायम जोडलेली, म्हणजे ट्रॅकर हॉट स्टार्टच घेतो, घड्याळ आणि एफेमेरिस आधीच हाताशी असतात, म्हणून तुम्हाला हे कधी दिसलं नाही. मॉडेम बंद ठेवून खात्री करायचं काम दुसऱ्या सकाळी उरलेल्या 6 फेऱ्यांनंतर केलं. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, रिपोर्टच्या शेवटच्या पानावर आलेख आहे.

यूपीएसची बॅटरी बदलतोय. वेळ आणि दराचं आधी नीट सांगू, त्यात सुधारणा करतोच आहोत. मॉडेमच्या सप्लायला गोंगाट अडवणारा फिल्टर टाकून बोर्ड परत आणलात तर त्या 20 फेऱ्या आमच्याकडून. फक्त येताना कोल्ड स्टार्टची कमांड मॉड्यूलपर्यंत पोचते का, तेवढं तपासून या.