"गॅस थंड, म्हणजे इंजिन सेफ": फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

वणी-वरोऱ्यापासून पुसदपर्यंत पोट्ट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात मजकूर असा: सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा ब्लोअर, बसवलेल्या गाडीत नायट्रस (नायट्रस ऑक्साइड, ताकद वाढवायला इंजिनात सोडतात तो गॅस) टाकणं एकदम सेफ. गॅस थंड असतो म्हणून इंजिन तापत नाही, आपल्या उन्हाळ्यात तर फायदाच. महायुद्धात विमानांतही वापरला. गॅस स्वतः जळत नाही, त्यामुळे बॉटल फुटायची भीती नाही. दवाखान्याचा सिलिंडरही चालतो. डिझेल गाडीलाही चालते.

आधी थंडपणाचं पाहू, कारण ते अर्धं खरं आहे. नायट्रस उणे ८८ अंशांना उकळतो; इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या नळीत, सुटला की भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून घेतो. मे महिन्यात चंद्रपूरची ४५ अंशांची हवा ब्लोअरने अर्धा बार (बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेइतका दाब) जास्त दाबली, तर गणितातल्या बिनचूक ब्लोअरमधूनही ती ८४ अंशांना बाहेर पडते. बाजारातल्या ब्लोअरमधून शंभरीपार. तिला खाली आणायचं काम नायट्रस करतो, मान्य.

पण हा गारवा इनटेकपुरता. आत ठिणगी पडल्यावर नायट्रस फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, नायट्रसमध्ये ३६. ताकद येते ती त्या ऑक्सिजनवर जास्तीचं पेट्रोल जाळून, आणि जास्त पेट्रोल जळलं की जास्त उष्णता आलीच. त्यात ब्लोअरने आधीच दीडपट दाबाने हवा कोंबलेली. दाबावर दाब चढतो, मिश्रण झपाट्याने जळतं, म्हणून इग्निशन टायमिंग मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते, आणि स्पार्क प्लग थंड रेंजचे, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, लागतात. तेवढं केलं नाही तर नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिनाला हादरे. मेसेजमध्ये टायमिंगचा शब्दही नाही.

पेट्रोलचाही नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. किलोभर नायट्रसला शंभर ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागतं. ते कमी पडलं की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि ऑक्सिजन जास्त असं, होतं आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळायला लागतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेला परदेशी किटचा जेट चार्ट (गॅस आणि पेट्रोल सोडणाऱ्या भोकांच्या मापांचा तक्ता) डोळे मिटून लावला, तर सुरुवातच लीनने होते. असं इंजिन ओळखायचं असेल तर प्लग काढून उजेडात धरा. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरीहून बारीक, चमकणारे करडे ठिपके दिसतात. तो पिस्टनचा तुकडा आहे राजेहो, कार्बन नव्हे. दिसले की त्या गाडीचं बटण पुन्हा दाबू नका.

सेफ म्हणजे काय ते विचारायचं असेल तर किट बसवणाऱ्याला हे विचारा: फुल थ्रॉटलशिवाय गॅस सुटू नये म्हणून स्विच आहे का? अडीच-तीन हजार आरपीएमच्या खाली आणि रेव्ह लिमिटर (इंजिनाची गती मर्यादेवर रोखणारी सोय) लागण्याच्या आधी गॅस बंद होतो का? पेट्रोलचं प्रेशर पडलं तर नायट्रस आपोआप तुटतो का? यातल्या एकालाही उत्तर "तसं काही होत नाही भाऊ" असं आलं, तर गाडी घेऊन घरी या.

विमानांचं उदाहरण खरं आहे, पण उलटं लावलेलं. जर्मनांच्या जीएम-१ पद्धतीत नायट्रस वापरत ते आठेक हजार मीटरच्या वर, जिथे विरळ हवेत सुपरचार्जरचा दम संपतो. तिथे तो गमावलेली ताकद भरून काढायला होता. जमिनीलगत ब्लोअर पूर्ण दाब देत असताना वर आणखी नायट्रस सोडणं, हा वेगळाच खेळ.

"जळत नाही म्हणून फुटत नाही" हे वाक्य मात्र आपल्या भागात माणूस मारू शकतं. फुंकणी कुठे जळते? पण ती मारली की चूल भडकते. नायट्रसचं तेच, शिवाय त्याचं स्वतःचं विघटनही उष्णता सोडतं. २६ जुलै २००७ ला कॅलिफोर्नियात मोहावी इथे रॉकेटच्या चाचणीत, इंजिन पेटवलेलंच नसताना, नायट्रसचा स्फोट होऊन तिघे गेले.

आता उन्हाचा हिशेब. २० अंशांना बॉटलमध्ये साधारण ५० बार दाब असतो. किट साठ-पासष्ट बारवर जुळवतात. पण नायट्रसचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश. त्यापुढे बॉटलमध्ये द्रव उरतच नाही, सगळा दाट वायू होतो, आणि जेटमधून किती जाईल त्याचा भरवसा राहत नाही. अकोल्यात मार्च-एप्रिलपासून सावलीतच ३६ ओलांडतात. काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीचं तर विचारूच नका. म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी नीट चाललेलं सेटिंग मे महिन्यातल्या दुपारी लीन होऊ शकतं. बॉटल जास्त भरलेली असेल तर व्हॉल्व्हवरची सुरक्षा चकती फुटते आणि सगळा गॅस गाडीत. चकतीपासून बाहेर काढलेली नळी म्हणूनच लागते, भरणं वजनावरच करायचं असतं, आणि बॉटल कधीही ज्योतीने तापवायची नसते.

दवाखान्याचा सिलिंडर? त्यात तळापर्यंत जाणारी नळी नसते. वरून वायू निघतो, किटला हवा असतो द्रव; मग जेटचं माप काढायचं कशावर? जुगाडाच्या ॲडॉप्टरच्या आट्यांना ग्रीस लावलं तर ऑक्सिडायझरशी, म्हणजे आग भडकवणाऱ्या गॅसशी, गाठ. शिवाय पेशंटच्या भुलीचा गॅस असा वळवणं हा गुन्हा. सिलिंडर मंजूर करणाऱ्या आणि भरण्याचे परवाने देणाऱ्या पेसोचं (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आणि गाडीतला असा परवानगीबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली येतो: दर बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

राहिलं डिझेल. डिझेल इंजिनात साधारणपणे हवा आधीच गरजेपेक्षा जास्त असते. काळा धूर ओकेपर्यंत डिझेल वाढवलेलं नसेल, तर नायट्रसला जाळायला काही सापडतच नाही. बोलेरोत तो टाकून फार काही हाती लागणार नाही. तेवढ्या पैशात इंजेक्टर तपासून घ्या.